रकान्यात मावलेलं रान

सातबारा हातात आला की माणूस आधी आपलं नाव शोधतो, मग क्षेत्र बघतो, मग सोसायटीचा बोजा उतरलाय का ते. वरचा ‘भूधारणा पद्धती’ हा शब्द, ‘शेताचे स्थानिक नाव’ ही ओळ, उजवीकडचा ‘इतर अधिकार’चा रकाना, नावासमोर कंसात बसलेले फेरफार क्रमांक, यांच्याकडे लक्ष जातं ते भावकीत भांडण लागल्यावर. समाजशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गात सत्ता, नोकरशाही, अधिमान्यता, नागरिकत्व हे शब्द ‘टिपा लिहा’पुरते येतात आणि निकालाबरोबर जातात. यातले निम्मे तरी या एका कागदावर रोज राबताना दिसतात. फक्त कागद उलटा, म्हणजे सरकारच्या बाजूने, वाचायला हवा.

जेम्स स्कॉट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एक कल्पना नीट मांडली. राज्यसंस्थेला समाजावर काहीही करायचं असो, कर बसवायचा असो, सैन्यभरती असो की मदत वाटायची असो, आधी तो समाज तिला वाचता यावा लागतो. गाव स्वतःला वाचू शकतं. कुणाचा बांध कुठे, सुगीनंतर कुणाची गुरं कुणाच्या रानात चरतात, विहिरीवरची पाळी कुणाची, बांधावरच्या आंब्यातला वाटा कुणाचा, हे गावाला पाठ असतं. पण ते दूरच्या कचेरीत बसलेल्या अंमलदाराच्या कामाचं नाही. त्याला हवा एक आकडा, एक नाव आणि एक रक्कम. मग हे तिन्ही मिळावेत म्हणून रानाची मांडणी बदलावी लागते, निदान कागदावर. आणि कागदावर बदललेली मांडणी हळूहळू रानात उतरते. स्कॉटच्या मांडणीतला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण नुसती नोंद कधीच नुसती राहत नाही.

महाराष्ट्रात हे काम कसं झालं याचा इतिहास फार बोलका आहे. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी केली ती प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने, १८२०च्या दशकाच्या शेवटी. प्रिंगल शिकून आला होता इंग्लंडमधला त्या वेळचा नवा अर्थविचार. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की सगळ्यात हलक्या जमिनीचा लागवडखर्च भागल्यावर चांगल्या जमिनीत जो वरकड उरतो तो खंड. त्यावरून काढलेला अर्थ असा की सरकारने शेतसारा घ्यायचा तो या वरकडातून. सिद्धांत म्हणून नेटका. पण तो लावायचा तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न आणि खर्च दोन्ही काढावे लागतात. घरच्या बैलांचा खर्च कोणत्या भावाने धरायचा? बायकोपोरांच्या राबण्याची मजुरी किती? शेणखत विकतचं नाही, म्हणजे फुकट का? प्रिंगलच्या लोकांनी हे सगळं आकड्यात बसवलं. त्यात मोजणी सदोष, खालचे कारकून लाचखाऊ, आणि धान्याचे भाव पडत चाललेले. इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी टाकून दिल्या, रानं पडीक पडली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापुरात कामाला लागले. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. प्रत्येक तुकड्याचं निव्वळ उत्पन्न काढायचा नाद सोडून त्यांनी जमिनी एकमेकींच्या तुलनेत प्रतवारीने लावल्या. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस गुणिले तेहेतीस, १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. एक सर्व्हे नंबर साधारण एवढा मोठा की एका बैलजोडीला तो पेलावा. मातीच्या नऊ प्रती, मोल आण्यांत. पावणेदोन हात खोल, एकजीव काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली आणि पोत उतरत गेला की चौदा, बारा, दहा, असं करत दोन आण्यांपर्यंत. त्यातही दोष धरायचे: चुनखडी मिसळलेली, वाळूसरी, उताराची, चोपण, पाणी धरून ठेवणारी. एकेका दोषाने प्रत खाली उतरायची. गावाचा एकूण दर मात्र पाऊसपाणी, बाजाराची जवळीक, मागच्या वसुलीचा अनुभव बघून ठरवायचा आणि तो तीस वर्षं हलवायचा नाही. १८४७ मध्ये या सगळ्या पद्धतीचा एकत्र अहवाल निघाला आणि पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली.

आजच्या सातबाऱ्यावर ‘आकारणी’च्या रकान्यात साडेतीन रुपये, सव्वादोन रुपये असे पोरखेळ वाटणारे आकडे दिसतात, त्यांचं मूळ या प्रतवारीत आहे. सारा म्हणून त्यांना आज काही अर्थ उरलेला नाही. पण आकडा मेलेला नाही. कूळकायद्याने मिळालेली जमीन विकताना पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची; २०१४च्या दुरुस्तीनंतर खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून काम होतं. आकार साडेतीन रुपये असेल तर नजराणा एकशे चाळीस रुपये! विक्री आजच्या भावाने, नजराणा मात्र कधीकाळच्या मातीच्या आण्यांवरून. राज्यसंस्थेला एकदा आकडा सापडला की ती तो सहसा टाकून देत नाही.

विंगेटच्या मोजणीने जे साधलं ते वसुलीपेक्षा मोठं होतं. सर्व्हे नंबराला एक खातेदार जोडला गेला, तो सारा भरतोय तोवर जमीन त्याची, वारसाने त्याच्या मुलांची, आणि विकायलाही मोकळी. म्हणजे जमीन तारण ठेवण्याजोगी झाली. सावकाराला हे सरकारइतकंच चांगलं वाचता आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सढळ मिळालं, युद्ध संपल्यावर भाव कोसळले, त्याच सुमाराला तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याचे नवे, चढे दर आले. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. या दंग्यांतली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की माणसं मारण्यावर फारसा भर नव्हता. मागणी होती कर्जरोखे बाहेर काढा, आणि ते हाती आले की जाळले जायचे. जिथे मुकाट्याने दिले तिथे बहुधा पुढे काही झालं नाही. सत्ता कुठे साठलेली आहे याचं इतकं अचूक निदान राज्यशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचित सापडतं.

सरकारचं उत्तर काय? १८७९चा दख्खन शेतकरी मदत कायदा. त्यात अनेक चांगल्या तरतुदी होत्या, पण एक मासलेवाईक होती: शेतकऱ्याने करून द्यायचे रोखे यापुढे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत. कागदाने केलेल्या जखमेवर आणखी एक कागद. हे मी थट्टेने म्हणत नाही. दुसरा इलाज नव्हताही. निरक्षर ऋणकोला लिहिलेल्या कागदापासून वाचवायचं तर तिसऱ्याने साक्षीला बसून लिहिणं, हाच एक मार्ग होता.

तोवर सरकारी दप्तरात फक्त सारा भरणाऱ्याचं नाव होतं. गहाण कुणाकडे, कूळ कोण, सहहिस्सेदार किती, याची नोंद नव्हती. ती ठेवण्यासाठी १९०३चा अधिकार अभिलेखाचा कायदा आला, १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत घातला गेला, आणि स्वतंत्र महाराष्ट्राने १९६६च्या संहितेत तोच सांगाडा चालू ठेवला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर आले आणि सातबारा झाला. गोव्यात हेच काम एक-चौदाचा उतारा करतो, तिथे १९६८ची वेगळी संहिता आहे.

ही दप्तरं लिहायचं कोण? इथे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेबरने सत्तेला मान्यता मिळण्याचे तीन पाये सांगितले: परंपरा, एखाद्या व्यक्तीचं असामान्य तेज, आणि नियमांनी बांधलेला कायदेशीर अधिकार. कुलकर्णी हे पहिल्याचं उदाहरण होतं. पद वतनी, बापाकडून मुलाकडे, बदली नाही, आणि दप्तर त्याच्या घरात. जोतीराव फुल्यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहिताना कुलकर्ण्याच्या लेखणीला जे फटके दिले ते यामुळेच. गावातला एकमेव वाचणारा-लिहिणारा माणूसच तंट्यातला एक पक्षकार असायचा. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, १९६२च्या कायद्याने मुलकी पाटलाचं. पगारी, बदलीपात्र, परीक्षा देऊन आलेला तलाठी आला. वेबरच्या व्याख्येप्रमाणे हा तिसरा पाया: माणूस बदलला तरी पद तेच, दप्तर कचेरीचं, निर्णय नियमाने. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव मात्र अजून तलाठीच म्हणतं.

आदर्श नमुना आणि चावडी यांत अंतर राहतंच. पण वतनदारी जाण्याचा फायदा किती मोठा होता हे ज्यांच्या पूर्वजांनी वतन नावाची वेठबिगारी केली त्यांना विचारावं. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं; कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ या ओळीत ‘हाडोळा’, म्हणजे महार वतनाची जमीन, असं दिसलं आणि भूधारणा ‘भोगवटादार वर्ग २’ अशी असली की हा सगळा इतिहास त्या दोन नोंदींत उभा असतो. वर्ग १ म्हणजे हस्तांतराला मोकळी जमीन, वर्ग २ म्हणजे सरकारी अटीची, परवानगी आणि नजराण्याशिवाय न विकता येणारी. शहराजवळच्या कितीतरी हाडोळ्याच्या जमिनी याच अटीकडे काणाडोळा करून विकत घेतल्या गेल्या. जमीन घेताना हा एक शब्द वाचायचा राहिला तर व्यवहार शर्तभंगात जातो आणि जमीन सरकारजमा होण्याची पाळी येते.

नोंद बदलते कशी हे पायरीपायरीने बघण्यासारखं आहे, कारण अधिमान्यता, म्हणजे लोकांनी मनातून मान्य केलेली सत्ता, ही भारदस्त संकल्पना तिथे अगदी हाताला लागते. खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, काहीही झालं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधकाकडून ती आपोआप येते. तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद धरतो. हितसंबंधितांना नोटीस निघते, एक प्रत चावडीवर लागते. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण तंट्यात जातं आणि सुनावणी होते, नाही आली तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि नवं नाव येतं. वर्दी देणारा, लिहिणारा आणि मंजूर करणारा हे तिघे वेगळे. नोंद मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील, साठ दिवसांच्या आत. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी माणूस तो मानतो, कारण नोटीस मिळाली होती, बोलायची संधी होती. ज्या गावांत नोटिशीवर सही मारून आणली जाते किंवा ‘पत्ता बदलला’ असा शेरा मारून परत जाते, तिथे नोंद कायदेशीर असूनही कुणी मनातून मानत नाही. तिथली भांडणं तीन-तीन पिढ्या चालतात.

बिघाड कुठे होतो? बहुतेक वेळा मुद्दाम केलेल्या खोट्या नोंदीत नाही, तर साध्या सोयीच्या नोंदीत. ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं घ्या. एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भाऊ एकत्र आहेत, चौघांची नावं लिहिण्यापेक्षा थोरल्याचं नाव लिहिलं आणि पुढे ए.कु.मॅ. असा शेरा दिला. दप्तराला एक नाव पुरतं. मग थोरला वारतो, वारसनोंद होते, तलाठ्यासमोर मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी येते, त्यात थोरल्याचीच मुलं. नोंद नियमाप्रमाणे धरली जाते. उरलेल्या तीन भावांच्या शाखा या एका फेरफाराने कागदावरून पुसल्या जातात, आणि रानात मात्र चारही घरं आपापला तुकडा कसत असतात. ही गोष्ट कळते ती वीस-पंचवीस वर्षांनी, कुणी कर्ज काढायला किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला घ्यायला जातो तेव्हा. तसंच ‘अ.पा.क.’: अज्ञान पालनकर्ता. खातेदार लहान असताना आईचं किंवा चुलत्याचं नाव पालनकर्ता म्हणून लागलेलं असतं. तो सज्ञान झाल्यावर शेरा कमी करून घ्यायचा असतो. साठी उलटलेले ‘अज्ञान’ खातेदार सातबाऱ्यावर आजही भेटतात.

अशा वेळी धागा सापडतो तो नावासमोरच्या फेरफार क्रमांकांत. आजच्या उताऱ्यावरून सगळ्यात जुना क्रमांक घ्यायचा, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढायची, तिच्यात आधीच्या नोंदीचा उल्लेख असतो, ती काढायची, असं मागे जात राहायचं. हस्तलिखितावरून संगणकावर उतरवताना नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज चालतो. पण हे कलम लेखनदोषापुरतंच. हक्काचाच वाद असेल तर १५५चा अर्ज म्हणजे फुकट घालवलेली वर्षं. तिथे अपील नाहीतर दिवाणी दावा. क्षेत्रातही एक कायमचा घोळ आहे. उताऱ्यावर हेक्टर-आर असतं, लोक आराला गुंठा म्हणतात. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, म्हणून चाळीस आर म्हणजे पुरता एकर नव्हे, सुमारे सत्तेचाळीस चौरस मीटर कमी. जिरायत रानात हे कुणी बघत नाही, गावठाणाला लागून असलेल्या रानात याच सत्तेचाळीस मीटरवर डोकी फुटतात.

त्याहून विलक्षण गोष्ट अशी की सातबाऱ्याला जमीन किती आणि कुणाची हे माहीत असतं, कुठे ते माहीत नसतं. कुठे हे माहीत असतं भूमी अभिलेख खात्याला: टिपण आणि फाळणी हे मोजणीचे कागद, गटाचा नकाशा. त्या खात्याला बऱ्याचदा आजचा मालक माहीत नसतो. तोंडी वाटणी झालेल्या भावांची नावं एकाच गटावर हिश्शाच्या क्षेत्रासह लागतात, पण रस्त्याकडचा पट्टा कुणाचा आणि ओढ्याकडचा कुणाचा हे कुठल्याच कागदावर येत नाही. पोटहिश्शाची मोजणी करून नकाशा दुरुस्त झाला तरच येतं. तोवर प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या जातात आणि त्या चारही बाजूंनी खोट्या ठरू शकतात.

१९२८ मध्ये विल्यम आणि डोरोथी थॉमस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक सूत्र मांडलं: माणसांनी एखादी परिस्थिती खरी धरली की तिचे परिणाम खरे होतात. सातबारा हे या सूत्राचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण असावं. न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगतात की महसुली नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. कायदाही एवढंच म्हणतो की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. म्हणजे ते एक गृहीतक आहे. पण बँक कर्ज देते ते गृहीतकावर, विहिरीचं अनुदान गृहीतकावर, विद्यार्थ्याला शेतकऱ्याचा दाखला गृहीतकावर. २००६ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, तीही जमीन घरातल्या कुणाच्या तरी नावावर असेल आणि कर्ज ठरलेल्या चौकटीत बसत असेल तर. प्रकरणावर शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. जो मेला तो शेतकरी होता की नाही हे त्याच्या हातावरच्या घट्ट्यांनी ठरत नाही.

इथे स्कॉटशी माझं थोडं बिनसतं. त्याच्या मांडणीचा सूर असा की राज्यसंस्थेची नजर जितकी कमी तितकं माणसाला मोकळं. राज्यसंस्थेपासून दूर डोंगरात पळून गेलेल्यांच्या बाबतीत ते असेलही. पण महाराष्ट्रातल्या गावात नजरेआड कोण राहिलं? बलदंड खातेदार नव्हे, त्याची नोंद नेहमीच चोख असते. नजरेआड राहिली बाई, आणि राहिलं कूळ.

बहिणीचं घ्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ मध्ये केंद्राने ही मेख काढली, २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उरलेसुरले फाटे मिटवले. कायदा साफ आहे. पण वारसनोंद करताना लग्न झालेल्या बहिणींची नावं भोगवटादाराच्या रकान्यात न घेता ‘इतर अधिकारा’त टाकायची जुनी चाल होती, आणि तसे उतारे अजून चालतात. त्या रकान्यात तिचे शेजारी कोण? बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, वीजवाहिनीची नोंद. म्हणजे ती हक्कदार नाही, जमिनीवरचा भार. पुढची पायरी हक्कसोडपत्राची. रक्षाबंधन, माहेरपण, आईच्या आजारपणाचा खर्च कुणी केला, हे सगळं एका सहीत मोजलं जातं. हक्कसोड नोंदणी केल्याशिवाय चालत नाही आणि एकदा नोंदवली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय मोडत नाही, हे तिला सही करताना कुणी सांगत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवली, घरधन्याने काही जमीन आपणहून बायकोच्या नावावर करावी म्हणून. ती चळवळ मला मोठी वाटते ती एका कारणासाठी. तिने बाईचं नाव आशीर्वादात न मागता रकान्यात मागितलं.

कुळाची कथा अधिक गुंतागुंतीची. १९४८चा मुंबई कूळकायदा, मग दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन: त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार ठरलं. विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळे कायदे होते. किंमत कलम ३२-ग खाली ठरायची, हप्ते फिटले की ३२-म चं प्रमाणपत्र. ज्यांना ते मिळालं ती घरं उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची सुबत्ता त्या प्रमाणपत्रापासून सुरू होते. पण कसणारा कोण हे ठरणार होतं नोंदीवरून. म्हणून तारखेच्या आधीची वर्षं नोंद मोडण्यात गेली. कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी परत केल्याचे राजीनामे झाले, कूळ दर वर्षी बदललं, पीकपाहणीला ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतः कसतो, असा शेरा लागला. कायदा कुळाच्या बाजूने होता, लेखणी बहुधा नव्हती.

आणि ज्या कायद्याने कुळाला मालक केलं त्याच्याच धाकाने पुढच्या कुळाला कागदावर येऊ दिलं नाही. आज राज्यात अर्धलीने, बटईने, खंडाने, ठोक्याने जमीन कसणारे असंख्य आहेत. करार तोंडी, फार तर साध्या कागदावर, आणि दर पाडव्याला नवा. मालकाला भीती एकच, नाव लागलं तर जमीन जाईल. १९५७ नंतरच्या कुळाला कायद्याने मालकी मिळणं आता किती अवघड आहे हे वकील कितीही समजावो, आजोबांच्या वेळी गेलेली जमीन घराने पाहिलेली असते. वाटेकऱ्याने पीककर्ज मागितलं तर उतारा कुणाचा हा प्रश्न येतो. हमीभाव केंद्रावर माल नेला तर उतारा कुणाचा. तो सावकाराकडे जातो, १८७५ सालचाच रस्ता धरून.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर न जाता चावडीत बसून भरलेल्या पीकपाहणीवर हा इलाज होता, आणि तो बराच लागू पडला. मागल्या सालचीच पिकं पुन्हा उतरवायची सवय मोडली. शेतात उभं राहून ॲपमध्ये गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र घालायचं, फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चढतात. मुदत चुकली की रकाना कोरा आणि अतिवृष्टीची मदत अडकली. पण ॲप आधी विचारतं ते खातेदार कोण. म्हणून अनेक रानांत असं होतं की कापूस वाटेकऱ्याचा, फोन वाटेकऱ्याच्या पोराचा, फोटोही तोच काढतो, आणि नोंद होते मालकाच्या नावाने. पावसाने पीक गेलं तर पैसे मालकाच्या खात्यात येतात. त्यातले किती द्यायचे हे दोघांत आधी बोलून ठेवलेलं असतं: कुठे निम्मे, कुठे बियाणं-खतापुरते, कुठे काहीच नाही. बोलून ठेवलेलं पाळलं गेलं नाही तर दाद मागायला कागद लागतो, आणि तो देणार नाही या अटीवरच तर जमीन कसायला मिळालेली असते.